हजार टनांपेक्षा दोनशे टन भारी

१७ मे २०२१. तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या पश्चिमेकडून गुजरातकडे सरकत होतं. मुंबई हायच्या तेलक्षेत्रात कामगारांच्या निवासाची पी-३०५ ही बार्ज नांगरांवरून सुटली, वाहत जाऊन एका निर्मनुष्य प्लॅटफॉर्मवर आदळली आणि त्याच दिवशी बुडाली. तिच्यावर २६१ माणसं होती. ही बार्ज आणि त्याच वादळात बुडालेली वरप्रदा ही टगबोट, दोन्ही मिळून ८०हून अधिक जीव गेले. या दुर्घटनेमागे कारणं एकापेक्षा जास्त होती. हवामान खात्याचे इशारे आधीच आले होते आणि क्षेत्र सोडायचं की थांबायचं, हा प्रश्न काही गणिताचा नव्हता. पण ती बातमी वाचली तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. तरंगणाऱ्या आणि साखळ्यांनी बांधलेल्या वस्तूवर लाटेचा किती जोर येतो, हे आपण नेमकं काढतो कसं? आणि निघालेल्या आकड्यावर किती विसंबायचं?

या कामात दोन पक्ष फार जुने आहेत. एक पक्ष लाकडा-प्लास्टिकची छोटी मॉडेलं वेव्ह टँकमध्ये सोडून त्यांवर लाटा घालणाऱ्यांचा. दुसरा संगणकावर समीकरणं सोडवणाऱ्यांचा. हे दोन पक्ष मी इथे दोन पात्रांच्या तोंडी दिले आहेत. सर टँकवाले आहेत, निवृत्त झालेले. अनघा त्यांची विद्यार्थिनी, आता डिझाइन ऑफिसात मूरिंगचं, म्हणजे तरंगत्या वस्तू नांगर-साखळ्यांनी बांधून ठेवण्याचं, गणित करणारी. पात्रं माझी असली तरी वाद खरा आहे.

सर : साध्यापासून सुरू करू. तरंगत्या रिगचा बारा मीटर व्यासाचा उभा कॉलम, पाण्याखाली वीस मीटर. आठ मीटर उंचीची लाट, पिरियड दहा सेकंद. जोर किती?

अनघा : कॉलम जागचा हलत नाही असं धरलं तर कागदावरच निघेल. खोल पाण्यात तरंगलांबी म्हणजे पिरियडचा वर्ग गुणिले १.५६, म्हणजे १५६ मीटर. कॉलमचा व्यास तिच्या एक पंचमांशापेक्षा बराच कमी, त्यामुळे मॉरिसनचं समीकरण चालतं. त्यात जोराचे दोन भाग. पाण्याच्या त्वरणामुळे येतो तो जडत्वाचा, आणि वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो तो ड्रॅग. पृष्ठभागाशी पाण्याच्या कणांचा कमाल वेग सेकंदाला अडीच मीटर आणि त्वरण १.५८. खाली जाऊ तसे दोन्ही झपाट्याने घटतात. अर्ध्या तरंगलांबीइतक्या खोलीवर जेमतेम चार टक्के उरतात. वरपासून खालपर्यंत बेरीज केली की जडत्वाचा जोर सुमारे ५०० टन, ड्रॅग सुमारे ४० टन. शिवाय दोन्ही एकाच क्षणी कमाल नसतात.

सर : गुणांक कोणते धरलेस?

अनघा : जडत्वाला २, ड्रॅगला १.

सर : कुठून आणलेस?

अनघा : २ हा सिद्धांतातून येतो. लाट कॉलमच्या जागेतून काही अडथळा नसल्यासारखी गेली असती तर तिच्या दाबाने जितका जोर आला असता, तो एक हिस्सा. त्याला फ्रूड-क्रिलॉव्ह म्हणतात. कॉलममुळे पाण्याला वाट बदलावी लागते, त्याचा दुसरा हिस्सा. गोल कॉलमसाठी तोही तितकाच. ड्रॅगचा १ मात्र प्रयोगातून घेतला.

सर : तेच मला म्हणायचं होतं. मॉरिसन आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी हे समीकरण १९५० मध्ये कॅलिफोर्नियात मांडलं, तेही समुद्रतळात रोवलेल्या खांबांसाठी. तुझ्या कॉलमवर ड्रॅग नगण्य आहे, कबूल. पण त्याच रिगमधला दीड मीटर व्यासाचा ब्रेस, म्हणजे कॉलम जोडणारी नळी, घे. त्याच लाटेत, पृष्ठभागाजवळ, दर मीटरमागे काय येतं?

अनघा : जडत्व ५.७ किलोन्यूटन, ड्रॅग ४.९.

सर : म्हणजे जवळजवळ बरोबरी. एकाच रिगच्या एका भागाचा हिशेब सिद्धांत देतो आणि दुसऱ्या भागाचा निम्मा हिशेब कुणीतरी टँकमध्ये मोजलेल्या गुणांकावर उभा असतो. ब्रेसला शेवाळ आणि शिंपले चिकटले की तो गुणांकही बदलतो.

अनघा : पण सर, हे सगळं वस्तू स्थिर धरून झालं. खरी गोष्ट तर वस्तू तरंगायला लागली की सुरू होते. ती लाटेसोबत वर-खाली, पुढे-मागे जाते. हलताना स्वतः लाटा सोडते, त्यात तिची ऊर्जा खर्च होते. आजूबाजूचं पाणी सोबत ओढते, त्यामुळे तिचं वस्तुमान वाढल्यासारखं होतं. मोठ्या पॉन्टूनच्या, म्हणजे पाण्याखालच्या पोकळ पेटीच्या, बाबतीत ही वाढ तिच्या स्वतःच्या वस्तुमानाच्या घरात जाते. आम्ही पाण्याखालचा सगळा पृष्ठभाग काही हजार चौकटींत विभागतो. प्रत्येक चौकटीवर एकच अट लावतो, की पाणी पोलादाच्या आत शिरत नाही. मग लाटेच्या प्रत्येक पिरियडला आणि दिशेला उत्तर काढतो. येणाऱ्या लाटेचा जोर, सोबतच्या पाण्याचं वस्तुमान, लाटा सोडण्यातून येणारं अवमंदन, सगळं एकाच गणितातून. गुणांक उसने घ्यावे लागत नाहीत.

अनघाच्या या मुद्द्याला मी पूर्ण मान देतो. सेमी-सबमर्सिबल, म्हणजे अर्धी पाण्यात बुडालेली तरंगती रिग अशी बांधतात, की तिचा वर-खाली डोलण्याचा नैसर्गिक पिरियड वीस सेकंदांच्या वर राहावा. समुद्रातली बहुतेक ऊर्जा पाच ते वीस सेकंदांच्या लाटांत असते, त्या लाटांना रिग तालात साथ देत नाही. कॉलम सडपातळ, पॉन्टून खोल, ही रचना त्या गणितातूनच आली. पहिल्या पायरीच्या, म्हणजे लाटेच्या उंचीच्या प्रमाणात वाढणाऱ्या, हालचालींचं भाकीत ही चौकटींची पद्धत, म्हणजे पॅनल पद्धत, आज इतकं चांगलं करते, की टँकमधल्या मापांशी ते पेन्सिलीच्या रेघेच्या जाडीइतकं जुळलेलं मी पाहिलं आहे. सर याच्याशी भांडत नाहीत. त्यांचं भांडण पुढे आहे.

सर : आता बार्ज घे. शंभर मीटर लांब, पाण्याखाली पाच मीटर, लाट आडवी येते आहे, उंची चार मीटर. ढोबळमानाने बाजूवर जोर किती?

अनघा : दाबाचा चढउतार दर चौरस मीटरला दोन टन, गुणिले पाचशे चौरस मीटर. हजार टनांच्या घरात. लाट परावर्तित झाली तर आणखी.

सर : आणि नांगराच्या साखळ्या हजार टन धरू शकतात?

अनघा : नाही. धरू नयेतच. तो जोर दर पाच सेकंदांनी दिशा बदलतो. बार्ज स्वतःच्या जडत्वाने त्याला तोंड देते, मीटर-दोन मीटर पुढे-मागे होते. साखळीने फक्त तेवढी ढील द्यायची असते. पहिल्या पायरीचा जोर मूरिंगने अडवायला गेलं तर मूरिंग तुटणारच.

सर : मग मूरिंग तोडतं कोण?

अनघा : ड्रिफ्ट. लाट बार्जवरून परावर्तित होते तेव्हा एकाच दिशेला सतत ढकलणारा एक छोटा जोर मागे राहतो. पूर्ण परावर्तन धरलं तर आपल्या याच उदाहरणात तो दर मीटरला दोन टन, म्हणजे सगळ्या बार्जवर २०० टन. ही वरची मर्यादा. पण तो लाटेच्या उंचीच्या वर्गाने वाढतो. लाट चारची आठ मीटर झाली की पहिल्या पायरीचा जोर दुप्पट, ड्रिफ्ट मात्र चौपट.

सर : आणि समुद्रात सगळ्या लाटा सारख्या नसतात.

अनघा : हो, लाटा झुंडीने येतात. चार-पाच मोठ्या, मग काही लहान, मग पुन्हा मोठ्या. झुंडीबरोबर ड्रिफ्टचा जोरही कमी-जास्त होतो, आणि त्याचा ताल मिनिट-दीड मिनिटाचा असतो. साखळ्यांनी बांधलेल्या वस्तूचा आडवा नैसर्गिक पिरियडही नेमका तेवढाच. झोपाळ्याला हलके हलके, पण बरोबर वेळेवर झोके देत राहावं, तसं होतं. १९७४ मध्ये न्यूमनने या बदलत्या जोराचं एक सोपं सूत्र दिलं. आम्ही अजून त्यावरच बरंच काम भागवतो.

सर : झोपाळा किती उंच जाईल हे कशावर ठरतं?

अनघा : (थोडं थांबून) त्याला किती अडवणूक आहे, त्यावर. अवमंदनावर.

सर : शंभर सेकंदांच्या पिरियडला तुझी पॅनल पद्धत किती अवमंदन देते?

अनघा : जवळजवळ शून्य. इतक्या मंद हालचालीत वस्तू लाटा सोडतच नाही. खरं अवमंदन येतं ते पाण्याच्या चिकटपणातून, कडांवरून सुटणाऱ्या भोवऱ्यांतून, साखळ्या पाण्यात ओढल्या जातात त्यातून आणि खुद्द लाटांच्या ड्रिफ्टमधून. पॅनल पद्धतीने पाण्यातली चिकटता आधीच वगळलेली असते.

सर : मग तुझ्या अहवालात तो आकडा कुठून येतो?

अनघा : मागच्या प्रकल्पातून. किंवा तुमच्या टँकमधून.

माझ्या मते या विषयाचं मर्म इथे आहे. डोळ्यांत भरणारा हजार टनांचा जोर धोक्याचा नाही, कारण त्याला वस्तूचं स्वतःचं जडत्व पुरून उरतं. साखळीची खरी परीक्षा २०० टनांचा मंद जोर घेतो, आणि त्याने वस्तू किती दूर सरकेल हे एका अशा आकड्यावर ठरतं, जो त्याच गणितातून निघत नाही. अवमंदन निम्मं धरलं तर मंद हालचालीचा सरासरी पसारा सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. अहवालात शंभर पानं लाटेच्या जोरावर असतात आणि अवमंदनावर एखादी ओळ. माझा आक्षेप त्या एका ओळीला आहे.

अनघा : आता माझी पाळी. तुमचा टँक तरी खरा समुद्र आहे का? पन्नासास एक मॉडेल. वेळ पन्नासाच्या वर्गमुळाने आकसतो, म्हणून तीन तासांचं वादळ २५ मिनिटांत संपतं. जोर सव्वा लाख पट करून वर आणायचे. ठीक. पण पाण्याची चिकटता कुठे त्या हिशेबात कमी होते? पाणी तेच. भोवरे वेगळ्या पद्धतीने सुटतात. ज्या अवमंदनासाठी आम्ही तुमच्याकडे येतो, नेमकं तेच तुमच्याकडे मोजणीत बिघडतं.

सर : बरोबर आहे. म्हणून धारदार कडांच्या वस्तू बऱ्या, तिथे प्रवाह कडेवरच सुटतो, मॉडेलमध्ये आणि समुद्रातही. गोल कॉलमवर मला दुरुस्ती करावी लागते.

अनघा : आणि खोली? नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमचा ओशन बेसिन ऐंशी बाय पन्नास मीटर, दहा मीटर खोल. जगातल्या मोठ्यांपैकी एक. पन्नासास एक प्रमाणाने दहा मीटर म्हणजे ५०० मीटर समुद्र. त्याहून खोल समुद्रातलं मूरिंग आखूड करून बांधावं लागतं. आखूड साखळीचा ताण बरोबर ठेवला तरी तिचं अवमंदन वेगळंच. मग ते पुन्हा संगणकावरच काढावं लागतं.

सर : तेही मान्य. एकोणिसाव्या शतकात विल्यम फ्रूडने टॉर्कीला टँक बांधला, तेव्हापासून आमची हीच झटापट चालली आहे. लाट आणि चिकटपणा दोन्ही एकाच मॉडेलमध्ये बरोबर जमत नाहीत. आपल्याकडे खडकवासल्याच्या जलसंशोधन केंद्रात कितीतरी वर्षं पाण्याची मॉडेलं होत आली आहेत. बंदरं आणि धक्के यांसाठी तिथे लाटा घालतात. तिथलाही कोणी तुला सांगेल, की मॉडेल खोटं बोलत नाही, पण विचारलेल्या प्रश्नापलीकडे काही सांगतही नाही.

अनघा : आणखी एक. तुम्ही २५ मिनिटांत एक वादळ घालता. मी एका रात्रीत हजार वादळं चालवते. धातूच्या थकव्याचं गणित तुमच्या टँकमध्ये होणारच नाही. सरासरी आठ सेकंदाला एक लाट धरली, तर वर्षाला चाळीस लाख लाटा. वीस वर्षांत आठ कोटी. प्रत्येक लाट त्या दीड मीटरच्या ब्रेसला थोडी वाकवते. अलेक्झांडर कीलँड आठवतं ना?

२७ मार्च १९८०, उत्तर समुद्र, एकोफिस्क क्षेत्र. पाच पायांची ही तरंगती रिग निवासासाठी वापरली जात होती. समुद्र खवळलेला होता, पण न पाहिलेला नव्हे. तिच्या एका ब्रेसला हायड्रोफोन बसवण्यासाठी एक छोटा आधार वेल्ड केला होता. त्या वेल्डपासून सुरू झालेली तड लाटेगणिक वाढत ब्रेसभर फिरली. ब्रेस तुटला, पाठोपाठ त्याच पायाचे बाकीचे ब्रेस गेले, पाय निखळला आणि रिग उलटली. १२३ माणसं मेली. ती तड कुठल्या एका राक्षसी लाटेने पाडली नव्हती. रोजच्या लाटांनी, प्रत्येकीने जराजरा करून, ते काम केलं. इथे मी अनघाच्या बाजूने आहे. लहान लाटांचा हिशेब फक्त संगणक देऊ शकतो आणि तो द्यायला लावला पाहिजे.

सर : लहान लाटा तुझ्या. मोठ्या लाटेचं काय? तुझा सिद्धांत म्हणतो, लाटेची उंची तरंगलांबीच्या मानाने लहान. पाण्याचा पृष्ठभाग जवळपास सपाट. शिखर फुटतं, ते त्यात नाही.

अनघा : दुसऱ्या पायरीपर्यंत आम्ही जातो.

सर : फुटणारी लाट दुसऱ्या पायरीतही नाही. १ जानेवारी १९९५ ला उत्तर समुद्रात ड्रॉप्नर प्लॅटफॉर्मवरच्या लेसरने २५.६ मीटर उंचीची लाट नोंदवली. त्या वेळी लक्षणीय लाट-उंची, म्हणजे सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी, सुमारे १२ मीटर. हजार लाटांत कमाल लाट लक्षणीय उंचीच्या १.८६ पट, हे आपण शिकवतो. ही २.१ पट निघाली. तो प्लॅटफॉर्म तळाला खिळलेला होता, निभावलं. तरंगत्या रिगचं बघ. ३० डिसेंबर २०१५, नॉर्वेचं ट्रोल क्षेत्र, कॉसल इनोव्हेटर. डेकखाली पुरेशी मोकळी जागा आहे, लाट तिथपर्यंत पोहोचणार नाही, असं गणित होतं. लाट पोहोचली. निवासाच्या भिंतीवर आडवी आदळली, दोन मजल्यांच्या खिडक्या आत घुसल्या, एक माणूस गेला. त्यानंतर डीएनव्ही या प्रमाणन संस्थेने आडव्या आघाताचे आणि एअर गॅपचे, म्हणजे डेकखालच्या मोकळ्या जागेचे, नवे निकष काढले.

अनघा : खिडक्यांचं म्हणाल तर ओशन रेंजरही.

सर : हो. १५ फेब्रुवारी १९८२, न्यूफाउंडलंडजवळ. लाटेने कॉलममधल्या बॅलास्ट कंट्रोल रूमची खिडकी फोडली, खारं पाणी पॅनलवर पडलं, व्हॉल्व्हचं नियंत्रण गेलं. रिग झुकत गेली. ८४ जण होते, एकही वाचला नाही. लाटेचा एकूण जोर त्या रिगने सोसला होता. एक काच सोसली गेली नाही.

अनघा : म्हणजे तुमचं म्हणणं, एअर गॅप टँकमध्येच बघावा.

सर : हो. आणि तोही डिझाइनच्या सुरुवातीला, डेकची उंची ठरायच्या आधी. नंतर बघून काय करणार? डेक उचलता येत नाही.

अनघा : सुरुवातीला दहा आकार असतात. दहांची मॉडेलं कोण बांधणार? मी आधी सात बाद करून देते, उरलेले तीन तुम्ही घ्या.

सर : आणि बाद केलेल्या सातांत चांगला आकार असला तर?

हा वाद इथे मिटला नाही, आणि मी तो मिटवणारही नाही. खर्चाचा प्रश्न खरा आहे. पण डेकच्या उंचीबाबत मी सरांच्या मागे उभा आहे. लाटेचं शिखर कॉलमला भिडून उसळतं, पाण्याचा पातळ पडदा वर चढतो, त्याखाली हवा अडकते आणि डेकच्या तळाशी दाब क्षणात वाढून ओसरतो. हे तपशील सरासरीत आणि रेषीय सूत्रात हरवतात. चिकटपणासह पूर्ण प्रवाह सोडवणारे संगणकी प्रोग्राम आता आहेत, पण त्यांच्या एका वादळाला टँकमधल्या २५ मिनिटांऐवजी आठवडे लागू शकतात, आणि त्यांची खात्री पटवायला पुन्हा टँकच लागतो.

तरंगत्या पवनचक्क्यांनी हा वाद नव्याने पेटवला आहे. २०१७ मध्ये स्कॉटलंडच्या पीटरहेडसमोर हायविंडच्या पाच चक्क्या स्पारवर, म्हणजे खोल बुडालेल्या उभ्या नळकांड्यांवर, उभ्या राहिल्या. तिथे वाराही अवमंदनाच्या हिशेबात आला. पात्यांचं नियंत्रण चुकीच्या तालात झालं, तर चक्की डोलणं कमी करण्याऐवजी वाढवते. अवमंदन उणे होतं. लाटेचा, वाऱ्याचा आणि नियंत्रकाचा हिशेब एकाच वेळी करणं आता टाळता येत नाही. आपल्याकडे कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या खोल समुद्रात जानेवारी २०२४ पासून तेल एका एफपीएसओवर, म्हणजे तेलावर प्रक्रिया करून ते साठवणाऱ्या तरंगत्या जहाजावर, येतं आहे. मुंबई हायवर बार्ज ये-जा करतात. तेव्हा हा विषय नॉर्वे-स्कॉटलंडपुरता उरलेला नाही.

अनघा : शेवटी एक विचारते, सर. टँक आणि संगणक दोघांचे आकडे जुळले नाहीत, तर कुणाचा घ्यायचा?

सर : कुणाचाच नाही, का जुळत नाहीत ते कळेपर्यंत.

अनघा : आणि वेळ नसेल?

सर : तर मोठा. आणि त्याशेजारी लिहायचं, की आपल्याला कारण सापडलेलं नाही.

सरांच्या या उत्तराला मी एकच जोड देईन. मुंबई, पुणे, चेन्नईच्या ऑफिसांत मूरिंगचे अहवाल आता तरुण मुलं-मुली तयार करतात, तपासतातही. त्यांना माझी विनंती आहे. अहवाल हाती आला की साखळीच्या ताणाचा आकडा नंतर बघा. आधी अवमंदनाचं पान उघडा. ते कोणत्या चाचणीतून, कोणत्या प्रमाणाच्या मॉडेलवरून, कोणत्या समुद्रस्थितीसाठी घेतलं, हे तिथे लिहिलेलं असलं पाहिजे. नसेल, तर अहवालावर सही करू नका, परत पाठवा.